काचेआडची पाठ

माझ्या वहिनीकडे कोणी पहिल्यांदा आलं की तिची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जाते, चेहऱ्यावर नंतर. दहा वर्षांनी भेटलेल्या माणसाचं नाव तिला आठवत नाही, पण "तुमचा डावा खांदा जरा उतरता होता ना?" असं ती बिनदिक्कत विचारते, आणि समोरचा नकळत खांदा सावरतो. माणूस रस्त्याने नुसता चालत गेला तरी छाती किती, कंबर किती हे ती पाव इंचापर्यंत सांगते. गळ्यात टेप कायम. आंघोळीला जाताना तेवढी खुंटीला लावते. गल्लीत तिला टेपबाई म्हणतात, आणि मी तिची नणंद असल्यामुळे म्हणायला हरकत नाही की ते नाव तिला शोभतं.

मी पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, गुडघे गेले तशी नोकरी सोडली, आणि आता भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर एकटी राहते. लग्न झालं नाही. माझ्या जिभेमुळे झालं नाही असं लोक म्हणतात. लोक अगदीच खोटं बोलत नाहीत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कोणाला माझ्याबद्दल भलतंसलतं वाटायला नको.

घर म्हणजे पुढे वहिनीचं शिवणाचं दुकान, त्यामागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून दार उघडतं ती मुलाची खोली. पूर्वी तिथे एक दातांचा डॉक्टर बसायचा. त्याची खुर्ची गेली, दार राहिलं. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच आहे. आतला माणूस दिसत नाही, त्याची सावली दिसते. खोलीला बोळात उघडणारं मागचं दारही आहे. गाल सुजलेले पेशंट बाहेर बसलेल्यांना दिसू नयेत म्हणून डॉक्टरने ते पाडून घेतलं होतं. माझा भाऊ, म्हणजे दादा, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. आयुष्यभर पंपाच्या घरघरीत राहून तो बोलणंच विसरला आहे. घरात बोलायचं काम वहिनीचं, आणि ती दमली की माझं.

वहिनीची एक पद्धत होती. मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा तिने मधोमध लाकडी दांडा घालून, कापूस आणि चिंध्या भरून त्याच्या मापाचं धड शिवलं. हात नाहीत, पाय नाहीत, डोकं नाही. नुसतं खांद्यापासून कमरेपर्यंत. त्याला आम्ही पुतळा म्हणायचो. पुढे दर वाढदिवसाला ती मुलाचं माप घ्यायची, वहीत लिहायची, आणि तो जेवढा वाढला असेल तेवढा कापसाचा थर पुतळ्यावर चढवून वरून नवं कापड शिवायची. आधीचा थर तसाच ठेवायची. म्हणजे वीस वर्षांच्या पुतळ्याच्या आत एकोणीसचा, त्याच्या आत अठराचा, असं करत करत अगदी आत दहा वर्षांचा मुलगा. मी एकदा म्हटलं, "वहिनी, हा पुतळा आहे की कांदा?" ती म्हणाली, "असू दे हो ताई. हा हाताशी असला की तो शाळेतून यायच्या आत शर्ट तयार होतो."

मुलगा उंच आणि सडपातळ, म्हणून घरात त्याला दोरा म्हणायचे. पाठीला जरासं पोक, उजवा खांदा अर्धा बोट खाली, दप्तर कायम त्याच खांद्याला. पुतळ्याचाही तो खांदा तिने अर्धा बोट खालीच ठेवला होता.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोरा तीन विषयांत नापास झाला. अडीच महिन्यांनी फेरपरीक्षा होती, आणि तिच्यातही अडकला तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. निकाल घेऊन तो घरी आला तेव्हा वहिनीने "होतं रे असं" म्हणून पाण्याचा पेला पुढे केला. दादा उठला आणि स्वयंपाकघराच्या नळाचा वायसर बदलायला बसला. नळ गळत नव्हता. तोंड उघडलं ते मी. गणितात याला एकोणीस मार्क पडले होते, आणि गणित मी शिकवलेलं. मी म्हटलं, "पास झाल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

शाळेत हे वाक्य मी वर्षातून चाळीसदा म्हणायची, आणि पोरं दुसऱ्या दिवशी मुकाट वर्गात येऊन बसायची. दोऱ्याने मात्र तोंड दाखवलं नाही. मला नाही आणि कोणालाच नाही.

तो खोलीत गेला आणि दार लागलं. दोन दिवस आम्ही म्हटलं, राग आहे, निवळेल. तिसऱ्या दिवशी सकाळी काचेवर सावली दिसली. टेबलावरचा दिवा लागलेला आणि त्याच्यापुढे खुर्चीत तो, दाराकडे पाठ करून, पुस्तकावर वाकलेला. डोक्यावर त्याचं ते टोपी जोडलेलं जाकीट. दुपारी पाहिलं तरी तसाच. संध्याकाळीही तसाच. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बसला बाई अभ्यासाला," ती कुजबुजली.

त्या दिवसापासून घर कुजबुजायला लागलं. शिलाई मशीनचा आवाज त्याला नको म्हणून वहिनीने मशीन झाकून ठेवली आणि सगळ्या ऑर्डरी हाताने शिवायला घेतल्या. मशीनवर जे काम चार मिनिटांत व्हायचं, तिथे तास जायला लागला. बोटांची चाळण झाली. गिऱ्हाइकं आली की ती ओठांवर बोट ठेवायची, आणि जाडजूड बायका खुणांनी गळा किती खोल हवा ते सांगायच्या. दादाने साऱ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं आणि तो उंबऱ्याबाहेर चपला काढून अनवाणी वावरायला लागला. दुपारी चारला वहिनी चहाचा ग्लास आणि रात्री जेवणाचं ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायची. ग्लास रिकामा व्हायचा. ताट अर्धं उरायचं.

मी रोज खाली यायची आणि त्या काचेसमोर बसून भाजी निवडायची. आठ-दहा दिवस गेले असतील. एके दिवशी शेंगा निवडता निवडता माझा हात थांबला, आणि का थांबला ते मला लगेच कळेना.

पंचवीस वर्षं मी परीक्षेच्या वर्गात पाठीमागून पोरांवर लक्ष ठेवलं आहे. अभ्यास करणाऱ्याची पाठ मला पाठ आहे म्हटलं तरी चालेल. ती पाठ कधी स्थिर नसते. उत्तर येत असेल तर पुढे झुकते, येत नसेल तर मागे रेलते, पान उलटताना खांदा हलतो, जांभई आली की फुगते. अगदी कॉपी करणाराही स्थिर नसतो. उलट तो जास्त हलतो. मी घड्याळ लावून बसले. सव्वा तास झाला. काचेआडची पाठ हलली नाही. श्वासानेसुद्धा नाही.

पहिला विचार जो आला तो कोणाच्याही घरात कोणाला येऊ नये. मी उठून दार ढकलणार, तेवढ्यात नजर दुकानाच्या कोपऱ्याकडे गेली. पडद्यामागे पुतळा असायचा. आता तिथे फरशीवर नुसता एक गोल होता, त्याच्याभोवती दहा वर्षांची धूळ.

"वहिनी, पुतळा कुठे गं?" मी विचारलं.

तिने काजाचा टाका संपवला, धागा दाताने तोडला. "असेल कुठेतरी," ती म्हणाली.

एक टाचणी हरवली तर जी बाई घर डोक्यावर घेते, ती पोटच्या पोराच्या मापाचा पुतळा 'असेल कुठेतरी' म्हणते, हे मला खटकलं. पण मला वाटलं, अभ्यासाच्या आनंदात हिला काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी धागे आणायला बाहेर पडली तशी मी स्वयंपाकघरात, कपाटाच्या आड खुर्ची घेऊन बसले. चारचा चहा स्टुलावर निवत होता. दादा पहिली पाळी संपवून आला, अनवाणी. त्याने इकडेतिकडे पाहिलं, ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या एका दमात संपवला. ग्लास जागेवर ठेवला. मग काचेकडे पाहून अगदी हळू म्हणाला, "चालू दे."

त्याला साखरेचा त्रास आहे. आठ वर्षं त्याने गोड चहाला तोंड लावलेलं नाही.

मी कपाटाआडून बाहेर आले तर दचकलासुद्धा नाही. "तुला कळलं ना," म्हणाला. मग तो जेवढं बोलला तेवढं मी त्याच्या तोंडून वर्षात ऐकलेलं नव्हतं. दोरा सकाळी सहाला मागच्या दाराने निघून जातो. जाताना पुतळ्याला जाकीट घालतो, बाह्यांत आणि टोपीत रद्दी कागद कोंबतो, दिवा लावून ठेवतो. संध्याकाळी बोळातूनच परत येतो आणि पुतळा पलंगाखाली सरकवतो.

"जातो कुठे?"

"सरकारी दवाखान्यात. बाहेरच्या पेशंटांच्या हॉलमध्ये. नंबराची चिठ्ठी घेतो आणि बाकावर बसतो. नंबर पुकारला की उठतो, परत रांगेत लागतो, नवीन चिठ्ठी घेतो. तिथे कोणी विचारत नाही, का बसलायस म्हणून."

"तुला काय ठाऊक?"

"सुट्टीच्या दिवशी मीही चिठ्ठी घेतो. दोन बाकं सोडून मागे बसतो."

मी म्हटलं, "अरे मग हाक मार की त्याला."

"हाक मारली आणि पळाला तर? आत्ता निदान संध्याकाळी घरी येतो." त्याने ग्लासाकडे पाहिलं. "आणि हिला सांगू नकोस. किती वर्षांनी चेहऱ्यावर रंग आलाय तिच्या. मोडेल ती. तू नेहमीसारखीच वाग."

नेहमीसारखं वागायचं म्हणजे काय, तर बोलायचं. म्हणून मी रोज त्या काचेसमोर उभी राहून कापसाच्या गाठोड्याला अभ्यासाचे सल्ले द्यायला लागले. "पाठ ताठ ठेव रे. आधी सोपी गणितं घे." मागून वहिनी कृतज्ञतेने माझ्याकडे बघायची, आणि मला स्वतःचीच लाज वाटायची. एक दिवस तर मी कहर केला. घरात कोणी नसताना आत गेले. खोलीत कोंदट वास होता. तो पाठमोरा बसला होता, आणि ठाऊक असूनही मी त्याच्या समोर जायला धजले नाही. टोपीत चेहऱ्याच्या जागी बोळे होते हे मला बाजूनेच दिसलं. टेबलावरचं पुस्तक एक्केचाळिसाव्या पानावर उघडं होतं, त्यावर धूळ बसलेली. महिनाभर एकाच पानावर बसलेला विद्यार्थी मला सोसवेना. मी हात लांब करून पान उलटलं आणि बाहेर येऊन हात धुतले.

त्यानंतर जे दिसायला लागलं त्याचा अर्थ मला लागेना. काचेआडची पाठ बारीक होत होती. आधी वाटलं, दिव्याची जागा हलली असेल. मग मी काचेच्या चौकटीवर पेन्सिलीने दोन बारीक खुणा केल्या, खांद्याच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक. आठ दिवसांनी सावली दोन्हीकडून आत सरकली होती. आणखी आठ दिवसांनी आणखी. खुर्ची जागची हलली नव्हती, दिवाही नाही. मी गणिताची बाई. कापूस दाबला जातो, बसतो, असं स्वतःला समजावलं. पण कापूस खाली बसतो. असा चारी बाजूंनी मापात बारीक होत नाही. रात्री मला वरच्या मजल्यावर झोप लागेनाशी झाली, कारण माझ्या पलंगाच्या बरोबर खाली ती खोली होती.

उत्तर वहिनीच्या वहीत सापडलं. फेरपरीक्षेला आठवडा राहिला होता. ती पाणी भरायला उठली आणि वही शिवणाखाली उघडी राहिली. दोऱ्याच्या नावाचं पान. एरवी वर्षाला एक ओळ. आता शेवटच्या दोन महिन्यांत नऊ ओळी. छाती छत्तीस, साडेपस्तीस, पस्तीस, साडेचौतीस. शेवटची ओळ कालची: तेहतीस.

ती मागे येऊन उभी राहिली होती. मी वळले तेव्हा तिने वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली.

"पहिल्याच दिवशी ओळखलं मी," ती म्हणाली. "माझ्या हातचा खांदा मी ओळखणार नाही?"

"मग हे आकडे कोणाचे?"

"त्याचेच. सकाळी सहाला निघतो ना, तेव्हा मी मोरीच्या खिडकीत उभी असते. वाळत चाललाय हो ताई. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलीत. तो वाळला आणि पुतळा तसाच राहिला तर सावलीत फरक दिसेल. तुमच्या दादांना कळेल. म्हणून तो गेला की मी आत जाते आणि तेवढा कापूस काढते." तिने हाताच्या ओंजळीने दाखवलं, केवढा ते. "विसाचा थर काढला, एकोणीसचा काढला, अठराचा. काल सतराचा. आता सोळाचा उरलाय."

"आणि त्याला जाब का विचारत नाहीस?"

"विचारलं आणि परत आलाच नाही तर?" तिने अगदी दादासारखंच विचारलं. "ही त्याची युक्ती चालतेय तोवर तो घरी येतोय. चालू द्यायची. तुम्ही दादांना बोलू नका. ते तोंडाने बोलत नाहीत, पण आतून पिचतील."

दोघांच्या शपथा माझ्या गळ्यात. तीन शहाणी माणसं आणि एक पुतळा, आणि त्या घरात धड वागत होता तो एकटा पुतळा. माझ्या आयुष्यात जीभ आवरायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि मी नेमकी तेव्हाच ती आवरली. ती चूक मी आजही स्वतःला माफ केलेली नाही.

फेरपरीक्षेचा दिवस उजाडला. सकाळी आठ वाजता आम्ही तिघं त्या काचेसमोर उभे राहिलो. "नीट लिही रे," वहिनी म्हणाली. "घाई करू नकोस," दादा म्हणाला. मीही काहीतरी म्हटलं. सावली पुस्तकावर वाकून बसली होती. आपण कोणाशी बोलतोय हे तिघांनाही माहीत होतं, आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी खाली आले तेव्हा वहिनी तिच्या जागेवर नव्हती. सुई कापडात टोचून ठेवलेली. टेपही दिसेना. मी हाक मारत दुकानात गेले आणि तिथेच थबकले. पडद्यामागच्या कोपऱ्यात, त्या धुळीतल्या गोलावर, पुतळा परत येऊन उभा होता. अंगावर जाकीट नाही, काही नाही. सोळा वर्षांच्या मुलाचं धड, टाके उसवलेलं, एका बाजूने कापूस बाहेर आलेला.

मग काचेकडे पाहिलं. सावली खुर्चीत बसली होती. तीच टोपी, तेच पोक, उजवा खांदा अर्धा बोट खाली.

दादा नुकताच आला होता, हातात रिकामा ग्लास. त्यानेही आधी कोपरा पाहिला, मग काच, आणि माझा दंड धरला. तेवढ्यात बोळातलं दार वाजलं. दुसरी सावली आत आली, उंच, काटकुळी, आणि खुर्चीच्या मागे येऊन थांबली. रोजच्यासारखी ती पुतळा उचलायला वाकली.

बसलेली सावली हलली.

तिने डोकं वर केलं, ती खुर्चीतून उठली, आणि दोन्ही हात लांब करून तिने उभ्या सावलीच्या छातीभोवती काहीतरी गुंडाळलं. आतून एक आवाज आला. तो दोऱ्याचा होता, पण तसा आवाज मी कोणत्याही मुलाच्या तोंडून ऐकलेला नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. त्यामागोमाग वहिनीचा आवाज आला, रोज गिऱ्हाइकांशी बोलते तसा, सावकाश.

"श्वास सोड. माप घेताना श्वास धरून ठेवायचा नसतो."

आम्ही दार ढकललं. ती त्याचं जाकीट घालून उभी होती, आणि ते तिला बरोबर बसलं होतं. माझी वहिनी, जिला मी 'टेप संपेल तुझ्याभोवती' म्हणून चिडवायची, ती कधी एवढी वाळली ते मी पाहिलंच नव्हतं. तिच्या हातात टेप होती आणि टेपच्या आत दोरा थरथरत होता.

"बत्तीस," ती म्हणाली. "आजचा थर मला काढवेना रे. सोळा वर्षांचा होतास तेव्हा तुला ताप आला होता, मी महिनाभर उशाशी होते. त्याला कात्री लावायला हात होईना. म्हणून मीच बसले."

दोरा तिच्याकडे पाहत राहिला. "तू काढत होतीस?" त्याने विचारलं. "कापूस तू काढत होतीस?"

"मग कोण काढणार?"

तो खाली बसला, फरशीवरच. "मला वाटलं तो आपला आपण झिजतोय," तो म्हणाला. "रोज सकाळी उचलायचो, रोज हलका लागायचा. एकदा तर पान उलटलेलं होतं. मला वाटायचं, हा माझ्याऐवजी खरंच अभ्यास करतोय आणि त्यात संपत चाललाय. तो संपला की मीही संपणार. घास उतरायचा नाही घशाखाली. त्याला तिथे उपाशी बसवून मी काय खाऊ?"

वहिनीच्या हातून टेप गळाली. तो वाळला म्हणून ती कापूस काढत होती, आणि ती कापूस काढत होती म्हणून तो वाळत होता. दोन महिने मायलेक एकमेकांचं माप घेत खाली खाली उतरत गेले होते, आणि त्यात माझ्या एका बोटाने उलटलेलं ते एक पान होतं. ते मात्र मी तिथल्या तिथे कबूल केलं.

"माझ्यामुळे झालं हे," मी म्हटलं. "तोंड दाखव रे इकडे. नापास तर नापास. माझं चुकलं." त्याने वर पाहिलं. गालफडं बसलेली, डोळे मोठे झालेले. एवढंसं तोंड बघायला मला अडीच महिने लागले होते.

दादाने ग्लास पुढे केला. "तुझा चहा मी पीत होतो," तो म्हणाला. "फार गोड करते ती."

दोरा हसला की रडला हे मला सांगता येणार नाही. वहिनी मात्र दादावर कडाडली, अडीच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्या आवाजात. "साखर वाढवून घेतलीत ना तुम्ही? जीव द्यायचाय का?" पलीकडच्या घरातलं माणूस काय झालं म्हणून खिडकीत आलं.

परीक्षा बुडाली. नाव कमी झालं. दुसऱ्या दिवशी दादा त्याला घेऊन त्याच दवाखान्यात गेला, त्याच खिडकीवरून चिठ्ठी घेतली, आणि या वेळी नंबर पुकारल्यावर दोघं उठून आत गेले. औषधं बरेच दिवस चालली. आता तो दुसऱ्या कॉलेजात दुसरंच काही शिकतो, त्यात गणित कमी आहे, आणि जे आहे ते माझ्याकडे येऊन करतो. चुकतो. मी काही म्हणत नाही. म्हणजे थोडंच म्हणते.

पुतळा वहिनीने आणि त्याने मिळून उसवला. आधी काढून जपून ठेवलेल्या थरांसकट एकेक थर गच्चीत उन्हात पसरला, विसाचा, एकोणीसचा, अठराचा, ओळीने, दहापर्यंत. मी कपडे वाळत घालायला गेले तर ते सगळे एकमेकांच्या शेजारी उताणे पडलेले. मला त्यांच्यावरून पाय टाकून पलीकडे जाता येईना, मी ओले कपडे घेऊन परत खाली आले. शेवटी जो लाकडी दांडा राहिला तो दादाने पंपघरात नेला.

आणि एक. त्या दिवसानंतर वहिनीने मुलाचं माप घेतलेलं नाही. टेपने नाही आणि नजरेनेही नाही. तो समोर आला की ती आवर्जून त्याच्या चेहऱ्याकडे बघते. परवा तो पहिल्यांदा बाजारातून तयार शर्ट घेऊन आला. बाह्या बोटभर लांब, खांदे लोंबणारे, कॉलर एकीकडे चढलेली. अनोळखी माणसाची उसवलेली शिवण दिसली तर त्याला रस्त्यात अडवणारी ही बाई. मी श्वास रोखून बसले होते.

तिने हातातली सुई खाली ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "छान आहे. मोठाच घेत जा."